सिम्युलेशनमध्ये अकरा, गच्चीवर सहा: चार पॅचच्या ॲरेचा गेन जातो कुठे?

फेब्रुवारी लागला की ही तक्रार यायला सुरुवात होते आणि बीईच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होईपर्यंत थांबत नाही. माणूस दरवर्षी वेगळा, बोर्ड मात्र जवळपास तोच. २.४५ गीगाहर्ट्झचा दोन-बाय-दोन पॅच ॲरे, म्हणजे तांब्याच्या चार चौकोनी तुकड्यांची (पॅचची) मिळून एक वायफाय अँटेना, १.६ मिलिमीटर जाडीच्या एफआर-४वर, म्हणजे नेहमीच्या काचतंतूच्या सर्किट बोर्डावर. सॉफ्टवेअरमध्ये गेन, म्हणजे समोरच्या दिशेला सिग्नल किती जोरात जातो त्याचं माप, ११ डीबीआय (सगळीकडे सारखी ताकद सोडणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत, डेसिबलमध्ये). एस११ची, म्हणजे परत फिरणाऱ्या ताकदीच्या आलेखाची, दरी देखणी, उणे २४ डीबी. आणि राउटरला लावला की सोबत आलेल्या काळ्या दांडीपेक्षा जेमतेम बरा.

यंदा आलेल्या मुलाने बोर्ड टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, मॅचिंग तर परफेक्ट आहे. मग सिग्नल कुठे जातोय?"

प्रश्न अगदी बरोबर विचारला होता. उत्तरही त्यातच होतं. मॅचिंग परफेक्ट असल्यामुळेच त्याला काही दिसत नव्हतं.

पाठवलेल्या ताकदीतली किती परत आली, एवढंच एस११ सांगतो. परत न आलेली ताकद हवेत गेली की बोर्डात जिरली, याची त्याला खबर नसते. कनेक्टरला पन्नास ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे सगळी ताकद जिरवणारा रोध, लावून बघा, उणे ४० डीबी दिसेल. म्हणून त्याला कोणी अँटेना म्हणत नाही. तेव्हा एस११चा आलेख जरा बाजूला ठेवायचा आणि किराणा दुकानाच्या वहीसारखी डीबीची खतावणी मांडायची. किती यायला हवे होते, कुठे किती गेले, हातात किती उरले. मी हे एकाच बोर्डावर करून दाखवतो. आकडे तुमच्याकडे थोडे पुढेमागे होतील.

आधी मोजमापावर विश्वास ठेवता येतो का, ते बघा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून पटकन सांगतो.

राउटरच्या अँटेनांचा कनेक्टर बहुतेक वेळा आरपी-एसएमए असतो, साधा एसएमए नसतो. आटे बसतात, नट घट्ट होतो, पण मधली पिन दोन्हीकडे नसते किंवा दोन्हीकडे असते. पहिल्या बाबतीत जोडच होत नाही, दुसऱ्यात पिन वाकते. अँटेनाला नावं ठेवण्याआधी भिंग घेऊन कनेक्टरच्या तोंडात बघा.

नॅनोव्हीएनएचं (एस११ मोजणाऱ्या, हातात मावणाऱ्या यंत्राचं) जुनं, छोटं मॉडेल दीड गीगाहर्ट्झपर्यंतच धावतं. २.४५ला तीन गीगाहर्ट्झपर्यंत जाणारं यंत्र लागतं. कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करायचं. ते झाल्यावर केबल मुठीत धरून हात पुढेमागे सरकवा. आलेख हलला, तर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट वाहतोय आणि तुम्ही केबललाही अँटेना म्हणून मोजताय. फेराइटचे दोन-तीन मणी ओवले की बहुधा शांत होतं. कनेक्टरचे ग्राउंडचे पाय सगळे, दोन्ही अंगांनी झाळलेले हवेत. घाईत दोनच पाय झाळलेले बोर्ड मी मोजता येणार नाहीत इतके पाहिलेत.

गेन मोजायला ॲनेकोइक चेंबर लागतंच असं नाही. तेच बोर्ड दोन बनवा. गच्चीवर लाकडी स्टुलांवर समोरासमोर, तीन मीटर अंतरावर उभे करा आणि एस२१ (एकाने पाठवलेल्या ताकदीतली किती दुसऱ्याला पोचली) मोजा. तीन मीटरवर २.४५ गीगाहर्ट्झला मोकळ्या हवेतला तोटा ४९.८ डीबी. एस२१मध्ये ते मिळवले की दोन्ही अँटेनांच्या गेनची बेरीज मिळते. बोर्ड सारखेच असल्यामुळे निम्मं करायचं. एवढ्या लहान ॲरेला दूरक्षेत्राची (मोजमापाला लागणाऱ्या किमान अंतराची) अट अर्ध्या मीटरच्या पुढे लगेच पूर्ण होते, त्यामुळे तीन मीटर भरपूर झाले. जमिनीवरून येणारं परावर्तन मात्र छळतं. एक स्टूल दहा-दहा सेंटिमीटर वरखाली करून चार वाचनं घ्या आणि सरासरी काढा. पाऊस पडून गच्ची ओली असेल तर त्या दिवशी चहा प्या.

या बोर्डाचा एस२१ आला उणे ३८. म्हणजे दोघांचे मिळून ११.८, एकाचा ५.९ डीबीआय. मोजमाप नीट होतं. गेन खरोखरच सहा होता.

खतावणीची जमेची बाजू

"अकरा कुठून काढलेस?"

"सर, सॉफ्टवेअरनेच दिलं."

उघडून बघितलं. सीएसटीच्या, म्हणजे त्याच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या, मटेरियल लायब्ररीत एफआर-४च्या दोन नोंदी आहेत, एक लॉसी आणि एक लॉस-फ्री. याने दुसरी उचललेली. शिवाय आलेखात डायरेक्टिव्हिटी निवडलेली. आता डायरेक्टिव्हिटी म्हणजे जी काही ताकद हवेत गेली, ती किती एकवटून गेली एवढंच. वाटेत किती मेली याचा तिच्याशी संबंध नाही. गेनमध्ये बोर्डातला तोटा धरलेला असतो आणि रिअलाइज्ड गेनमध्ये मिसमॅचही (जुळणी नीट नसल्यामुळे परत गेलेली ताकद). राउटरला कळतो तो फक्त शेवटचा. सिम्युलेशन कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये करा, आधी या तीन आकड्यांतला आपण कुठला बघतोय ते तपासा.

तरी अकरा हा आकडा खोटा नव्हता, जमेची बाजू म्हणून तो योग्यच होता. ॲरेची डायरेक्टिव्हिटी शेवटी क्षेत्रफळातून येते. ४ पाय गुणिले क्षेत्रफळ, भागिले लॅम्डाचा, म्हणजे तरंगलांबीचा, वर्ग. २.४५ गीगाहर्ट्झला लॅम्डा १२२ मिलिमीटर. पॅचच्या केंद्रांमधलं अंतर अर्धा लॅम्डा, म्हणजे ६१ मिलिमीटर धरलं, तर चार पॅचच्या वाट्याला साधारण एक लॅम्डा बाय एक लॅम्डा इतकी जागा येते. ४ पाय म्हणजे १२.६, म्हणजेच ११ डीबी. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या उभ्या आहेत, त्यांनाही हाच हिशेब लागू.

खर्चाची बाजू: पहिला आणि सर्वांत मोठा चोर

एफआर-४चा लॉस टॅन्जंट (मटेरियल किती ताकद जिरवतं त्याचा आकडा) साधारण ०.०२. आकडा किरकोळ वाटतो, पण पॅच हा रेझोनेटर आहे. ताकद त्याच्या पोटात अनेक फेऱ्या मारते आणि मगच कडांवरून बाहेर पडते. प्रत्येक फेरीला एफआर-४ आपला वाटा काढून घेतो.

किती, ते क्यू फॅक्टरवरून (साठलेली ताकद किती सावकाश गळते त्याचा आकडा) ताडता येतं. डायइलेक्ट्रिकचा क्यू म्हणजे लॉस टॅन्जंटचा व्यस्त, ५०. याच पॅचचा हवेत ताकद सोडण्याचा क्यू, पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने, ६३च्या आसपास. तांब्याचा १२००, तो सोडून द्या. क्यू जितका कमी तितका त्या वाटेने जास्त माल जातो. म्हणजे हवेपेक्षा बोर्डाकडे जाणारी वाट जास्त रुंद! हिशेब केला की रेडिएशन एफिशियन्सी ४३ टक्के निघते. डीबीत ३.६ गेले. चार पॅच लावा नाहीतर सोळा, प्रत्येक पॅच हे ३.६ गिळणारच.

यावर विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरात जा. एक सुटा पॅच घ्या, त्याचा रेझोनन्सला रेझिस्टन्स मोजा, समजा ५० ओहम आला. आता दहा-अकरा सेंटिमीटर व्यासाचा, पाचेक सेंटिमीटर उंचीचा स्टीलचा डबा पॅचवर पालथा घाला. डब्याची कड ग्राउंड प्लेनला सगळीकडून टेकायला हवी, म्हणून पॅचभोवतीचं ग्राउंड बोर्डाच्या बाहेर ॲल्युमिनियमच्या पत्र्याने वाढवून घ्या आणि बोर्डाच्या कडेला तांब्याची पट्टी चिकटवा. हवेची वाट बंद झाली. आता उरलेला सगळा खर्च तोट्याचाच. रेझिस्टन्स ८८ ओहमच्या आसपास चढतो. पन्नास भागिले अठ्ठ्याऐंशी, ५७ टक्के तोटा, उरले ४३. चांगल्या मटेरियलवरचा पॅच असता तर डबा ठेवताच रेझिस्टन्स कितीतरी पट उसळला असता. ही युक्ती व्हीलर या अँटेना-अभियंत्याची, १९५९ची. डबा आमच्या घरचा. आलेखात भलतीच जादा दरी दिसली तर ती डब्याची स्वतःची गुणगुण असते, वेगळ्या मापाचा डबा घ्या.

दुसरा चोर: फीडच्या रेषा

चार पॅचना ताकद वाटून द्यायची तर मध्ये तांब्याच्या रेषांचं जाळं, म्हणजे फीड, येतं. ५० ओहमची ३ मिलिमीटर रुंद रेषा एफआर-४वर २.४५ गीगाहर्ट्झला दर सेंटिमीटरला ०.०८ डीबीच्या आसपास खाते. कनेक्टरपासून पॅचपर्यंत वळसे घेत १२ सेंटिमीटर झाले की एक डीबी गेला.

हेही मोजता येतं. पॅचच्या तोंडाशी चारही रेषा तांब्याच्या पट्टीने ग्राउंडला शॉर्ट करा आणि एस११ बघा. तोटा नसता तर शून्य डीबी, सगळी ताकद परत. आमच्या बोर्डाने दाखवले उणे २च्या आसपास. ताकद गेली आणि परत आली, दोन फेऱ्यांचे दोन, एका फेरीचा एक.

यात एक गंमत आहे. हा एक डीबीचा तोटा पॅचकडून परतणाऱ्या ताकदीलाही दोन डीबींनी दाबतो. म्हणजे फीड जितकं वाईट तितका रिटर्न लॉस (एस११चाच उलट्या चिन्हाचा आकडा) देखणा! रेषा लांबवत न्या, एस११ आपोआप सुधारत जाईल. पोरं त्याचा स्क्रीनशॉट रिपोर्टात लावतात.

खतावणी पूर्ण करू. जमा ११. पॅचमध्ये गेले ३.६, फीडमध्ये १, कनेक्टर आणि किरकोळ मिसमॅच मिळून अर्ध्याच्या आत. शिल्लक सहा. गच्चीवर ५.९ आले होते. मुलगा वहीकडे बघत राहिला. बोर्डात बिघाड नव्हताच. बोर्ड जे करायला हवं तेच इमानाने करत होता.

वेगळा रोग: समोर काहीच नाही, तिरकं मात्र आहे

वरच्या हिशेबापेक्षाही गेन कमी येत असेल, समजा समोर शून्याच्याही खाली, तर बोर्ड हळूहळू फिरवून बघा. सरळ समोर सिग्नल पडतो आणि ४०–५० अंशांवर दोन्ही बाजूंना चढतो असं दिसलं, तर फीडची रचना बघायला विसरू नका.

जागा वाचवायची म्हणून फीड दोन ओळींच्या मधोमध ठेवतात. मग वरच्या ओळीच्या पॅचना खालच्या कडेतून जोड मिळतो आणि खालच्या ओळीच्या पॅचना वरच्या कडेतून. कागदावर हे सुंदर, आरशासारखं दिसतं. पण पॅचची दोन टोकं एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये असतात, एक चढतं तेव्हा दुसरं उतरतं. विरुद्ध कडेतून जोडलं की ती ओळ १८० अंश उलटी नाचते आणि समोरच्या दिशेला दोन ओळी एकमेकींना खोडून टाकतात. एस११ला याचा पत्ताही लागत नाही, तो मजेत उणे २२ दाखवतो.

उपाय दोनच. सगळे पॅच एकाच बाजूच्या कडेतून जोडा. नाहीतर एका ओळीच्या रेषेत अर्धी तरंगलांबी जादा घाला, म्हणजे एफआर-४वर साधारण ३३–३४ मिलिमीटर. पहिला उपाय माझ्या आवडीचा, कारण दुसऱ्यात तेवढाच तोटा एका ओळीला जादा लागतो आणि फ्रिक्वेन्सी सरकली की फेजही सरकते.

फ्रिक्वेन्सीच चुकली असेल तर

हे सोपं आहे. पॅचची लांबी २८.८ मिलिमीटर निघते, एफआर-४चा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (त्यात तरंग किती आखूड होतो ते ठरवणारा आकडा) ४.४ धरला तर. पण बाजारातली शीट ४.२ ते ४.६मध्ये कुठेही असू शकते. बुधवार पेठेत दोन दुकानांतून दोन शीटा आणल्या तर दोन आकडे मिळतील, आणि दुकानदाराला विचारलं तर तो म्हणेल "एफआर-४ म्हणजे एफआर-४". कॉन्स्टंट दोन टक्के बदलला की फ्रिक्वेन्सी एक टक्का सरकते, म्हणजे २५ मेगाहर्ट्झ. शितावरून भाताची परीक्षा करा. त्याच शीटवर आधी एकच पॅच कोरून मोजा, त्यावरून कॉन्स्टंट काढा आणि मग चार पॅचचं आर्टवर्क द्या. लांबीचा एक मिलिमीटर म्हणजे ८५ मेगाहर्ट्झ, म्हणून अर्धा मिलिमीटर जास्तच ठेवायचा. घासता येतो, वाढवता येत नाही.

फीडमधली १०० ओहमची रेषा ०.७ मिलिमीटरपेक्षाही किंचित बारीक येते. एचिंगमध्ये (रसायनाने तांबं कोरताना) ती ०.१ने खाल्ली गेली तर इंपिडन्स, म्हणजे तिचे ओहम, बराच चढतो. ५० ओहमच्या रेषेला तेवढ्याने काही होत नाही. शक्य असेल तिथे शंभरची रेषा टाळा आणि ७० ओहमचा पाव-तरंगलांबीचा, साधारण १७ मिलिमीटरचा तुकडा वापरून रुंदीच ठेवा.

बँडविड्थ, आणि महागड्या बोर्डाचा अपेक्षाभंग

वायफायचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, ८३.५ रुंद. एफआर-४वरचा हा पॅच दोनच्या व्हीएसडब्ल्यूआरला (जुळणीची नेहमीची मर्यादा) २.६ टक्के, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ देतो. म्हणूनच तक्रार येते की चॅनल ६वर चालतं, १ किंवा १३वर नाही.

इथे हुशार मुलगा काय करतो? चांगलं मटेरियल मागवतो. समजा रॉजर्स कंपनीचा ४००३सी बोर्ड घेतला, जाडी १.५ मिलिमीटर. लॉस टॅन्जंट ०.००२७. एफिशियन्सी ४३ वरून ८० टक्क्यांच्या वर जाते, गेन पावणेतीन डीबींनी चढतो. आनंद. आणि मग दुसरा फोन येतो: "सर, बँडविड्थ ३५ मेगाहर्ट्झच येतेय, बोर्ड खराब आहे का?"

बोर्ड उत्तम आहे. एफआर-४ने जी ६४ दिली होती, त्यातली निम्मी तोट्याच्या पैशाने विकत घेतलेली होती. रेझोनेटरमध्ये जितका तोटा जास्त तितका तो बोथट, तितका रुंद. पन्नास ओहमच्या टर्मिनेशनची बँडविड्थ कित्येक गीगाहर्ट्झ असते, ती याच न्यायाने. तोटा काढून घेतलात, आता पॅचची खरी बँडविड्थ दिसली. गेन आणि बँडविड्थ दोन्ही हवे असतील तर त्याच जाडीवर मटेरियल बदलून भागत नाही. जाडी वाढवावी लागते, आणि कॉन्स्टंट खाली आणावा लागतो. सर्वांत खालचा कॉन्स्टंट फुकट मिळतो, हवेचा.

"कॉम्पॅक्ट" या शब्दाची किंमत

हवेकडे जाण्याआधी एका हट्टाबद्दल. "सर, बोर्ड अजून लहान हवाय," म्हणून पॅच जवळजवळ आणतात. ६१ मिलिमीटरचं अंतर ४३वर आणलं, म्हणजे ०.३५ लॅम्डा. पॅच ३७ रुंद असल्यामुळे मध्ये जेमतेम ६ मिलिमीटरची फट उरते. क्षेत्रफळाचा हिशेब पुन्हा करा. डायरेक्टिव्हिटी ११ वरून ७.९वर आली. त्यातून पॅच आणि फीडचे मिळून ४.६ वजा करा, ३.३ उरले. याच एफआर-४वरचा एकटा पॅच अडीच देतो. तीन जादा पॅच आणि सगळं फीड मिळून कमाई पाऊण डीबी!

शिवाय पॅच एकमेकांशी बोलायला लागतात, यालाच कपलिंग म्हणतात. चौघांना एकदम ताकद दिली की प्रत्येकाला शेजाऱ्याकडूनही काही येतं, आणि त्याच्या तोंडाशी दिसणारं रिफ्लेक्शन म्हणजे स्वतःचं एस११ अधिक शेजाऱ्यांकडून आलेलं सगळं. एकटा पॅच नीट जुळवून मग चारदा चिकटवला, तर जुळणी बिघडणार हे उघड आहे. तपासायला दोन पॅचचा वेगळा नमुना करा, दोघांना सुटे कनेक्टर लावा आणि एस२१ बघा. उणे १५च्या वर असेल तर अंतर वाढवा. मध्ये ग्राउंडमध्ये चिरा पाडून कपलिंग कमी केल्याचे शोधनिबंध ढिगाने सापडतील. कपलिंग कमी होतंही. पण त्या चिरा मागच्या बाजूला ताकद सोडतात आणि समोरचा गेन घटतो, ते निबंधाच्या शेवटच्या आलेखात बारीक अक्षरात असतं.

लहान जागेत जास्त डायरेक्टिव्हिटी अशक्य नाही. १९४६ साली सोव्हिएत संशोधक उझकोव्हने दाखवलं की जवळजवळ ठेवलेल्या एन अँटेनांना योग्य फेज आणि करंट दिले, तर ॲरेच्या रेषेच्या दिशेला एन वर्गापर्यंत डायरेक्टिव्हिटी मिळू शकते. पण त्यासाठी शेजारशेजारचे करंट प्रचंड आणि एकमेकांविरुद्ध असावे लागतात. तोटा भयंकर, बँडविड्थ सुईच्या टोकाएवढी. एफआर-४वर हा प्रयोग करायचा विचार मनात आला तर वरचा ४३चा आकडा पुन्हा वाचा.

मग करायचं काय

मुलाला मी चार पॅचचा बोर्ड बाजूला ठेवायला सांगितला आणि एक पत्र्याचा पॅच करून आणायला लावला. अर्धा मिलिमीटर जाडीचं तांबं, साधारण ५२ मिलिमीटर लांब, ग्राउंडपासून ६ मिलिमीटर उंच, चार कोपऱ्यांत नायलॉनच्या स्पेसरवर, मध्ये फक्त हवा. ग्राउंड दहा सेंटिमीटर चौरस. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मोजला. साडेआठ डीबीआयच्या आसपास. चार पॅचच्या बोर्डापेक्षा अडीच डीबींनी जास्त, एकट्याने.

पोरगा म्हणाला, "म्हणजे ॲरेची गरजच नव्हती?"

सहा-आठ डीबीआय हवे असतील तर नव्हती, आणि हे मी बहुतेकांना पहिल्याच भेटीत सांगतो. हवेवरचा एक पॅच लावा आणि घरी जा. ॲरे त्याच्यापुढे सुरू होतो.

हवेच्या पॅचचं एक दुखणं असतं. फीडची पिन ६ मिलिमीटर उंच होते आणि तेवढी तार इंडक्टन्स दाखवते. स्मिथ चार्टवर (इंपिडन्स दाखवणाऱ्या गोल आलेखावर) सगळा लूप वरच्या अर्ध्यात चढून बसतो. पिन जाड घ्या, दीड-दोन मिलिमीटरची. तरी राहिलं तर पिन पॅचला झाळू नका. पिनच्या डोक्याला छोटी चकती लावून पॅचच्या खाली बारीक फट सोडा, तो कपॅसिटर इंडक्टन्सची वजाबाकी करतो. पिन एल आकारात वाकवून पॅचखाली घालणं हीसुद्धा जुनी, चांगली रीत. पॅचमध्ये यू आकाराची चीर पाडण्याची युक्ती १९९५ची, हुइन्ह आणि ली यांची; तीन-चार मिलिमीटरने जास्त उंची दिलीत तर तिने बँडविड्थ आणखी कितीतरी रुंदावते. वायफायच्या पट्ट्याला मात्र तेवढी गरज नाही, सहा मिलिमीटर हवेत पट्टा आरामात मावतो.

शेवटी त्याने दोन पॅचचा ॲरे केला. केंद्रांमधलं अंतर ०.७ लॅम्डा, म्हणजे ८६ मिलिमीटर. एक लॅम्डाच्या खूप आत असल्यामुळे ग्रेटिंग लोबची (भलत्या दिशेला निघणाऱ्या जादा झोताची) भीती नाही, आणि पॅचमध्ये मोकळी जागा राहिल्यामुळे कपलिंगही आटोक्यात. खाली दोन्ही बाजूंनी तांबं असलेला एफआर-४चा बोर्ड, १७५ बाय १०० मिलिमीटर. वरचं तांबं हे ग्राउंड, खालच्या बाजूला फीडच्या रेषा, भोकातून पिना वर. एफआर-४ राहिला तो फक्त रेषांपुरता, एका हाताला पाच सेंटिमीटरच्या आत, म्हणजे तोटा अर्ध्या डीबीखाली. पॅचच्या पोटात तो कुठेच नाही. जुना बोर्ड १३० बाय १३०चा होता; जागा जवळपास तेवढीच लागली, उंची मात्र दीडवरून आठ मिलिमीटरवर गेली.

मोजायला जुना बोर्डच उपयोगी पडला, कारण त्याचा गेन आता पक्का ठाऊक होता, ५.९. तो एका स्टुलावर, नवा दुसऱ्यावर. एस२१ उणे ३३.४. त्यात ४९.८ मिळवा, ५.९ वजा करा. १०.५ डीबीआय. बँडविड्थ २.३६ ते २.५५.

मग त्याने तो प्लास्टिकच्या डब्यात बसवला आणि संध्याकाळी फोन केला की फ्रिक्वेन्सी २५ मेगाहर्ट्झ खाली आलीय. झाकण पॅचच्या अगदी डोक्यावर टेकत होतं. पट्टा रुंद असल्यामुळे काही अडत नव्हतं, पण त्याला मध्यावरच हवं होतं. पॅचची लांबी कानशीने अर्धा मिलिमीटर कमी करायला सांगितली, दोन्ही टोकांकडून सारखी, पाव-पाव.